सॉकेटमधला व्होल्टमीटर आणि हातातला मल्टीमीटर: आठ महिन्यांनंतर

गाडी आठवड्यातून एखाद्या सकाळी सेल्फ घ्यायची नाही. नुसतं ‘टक’ वाजायचं, दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नात चालू व्हायची. बॅटरी गेली असंच ज्याला त्याला वाटत होतं, मलाही. पण नव्या बॅटरीवर खर्च करण्याआधी मोजून तरी बघू म्हणून दोन गोष्टी घेतल्या. एक, चार्जिंग सॉकेटमध्ये खोचायचा छोटा व्होल्टमीटर. दुसरा, साधा डिजिटल मल्टीमीटर. आठ महिने दोन्ही वापरतोय.

सॉकेटवाल्याचं आधी सांगतो, कारण त्याने मला सगळ्यात जास्त पळवलं. खोचला की आकडा समोर, ना बोनेट उघडायचं ना हात काळे करायचे. पहिले पंधरा दिवस मी रस्त्यापेक्षा त्याच्याकडेच जास्त बघत होतो. मग एका रात्री हेडलाइट, एसी, मागच्या काचेचा हीटर असं सगळं चालू असताना आकडा १३.४ वर आला. चार्जिंग साधारण १३.८ ते १४.५ च्या दरम्यान हवं, एवढं वाचलेलं होतं. मेकॅनिक म्हणाला, अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारं जनित्र) उतरवून बघावा लागेल. घरी येऊन तेवढाच लोड चालू ठेवला आणि मल्टीमीटरचे प्रोब थेट बॅटरीवर टेकवले: १३.९. म्हणजे अल्टरनेटर ठणठणीत. अर्धा व्होल्ट वाटेतच गळत होता.

कारण सरळ आहे. सॉकेटपर्यंतची वायर बारीक, मध्ये फ्यूजबॉक्स, इग्निशन स्विच, आणि अर्थही इतर उपकरणांबरोबर सामायिक. त्या वाटेने जितका करंट जास्त, तितका व्होल्टेज ड्रॉप जास्त. लोड नसताना माझ्या गाडीत दोन्ही मीटरमधला फरक ०.१५ च्या आसपास असतो. मीटर खोटा नाही, तो सॉकेटवरचं व्होल्टेज खरंच दाखवतो. आपल्याला हवं असतं बॅटरीवरचं. शिवाय चावी काढली की सॉकेट बंद, त्यामुळे उभ्या गाडीचं रीडिंग यातून मिळतच नाही. रोजच्यापेक्षा आकडा अचानक वेगळा दिसला तर लक्ष वेधून घ्यायला ठीक, निदान करायला नाही.

मल्टीमीटरने काम केलं, पण त्यालाही डोकं लावावं लागतं. २० व्होल्टच्या रेंजवर तो दोन दशांश दाखवतो, त्यामुळे आपल्याला सगळं अगदी नेमकं कळतंय असा भास होतो. माझ्या मीटरच्या माहितीपत्रकात अचूकता अधिक-उणे ०.५ टक्के आणि वर २ डिजिट (शेवटच्या स्थानातले दोन, म्हणजे इथे ०.०२) अशी दिली आहे. म्हणजे १२.६० दिसलं तर खरं व्होल्टेज १२.५२ ते १२.६८ मध्ये कुठेही असू शकतं. आता सहा सेल, प्रत्येकी सुमारे २.१ व्होल्ट, म्हणून भरलेली साधी लेड-ॲसिड बॅटरी १२.६ च्या थोडी वर. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० म्हणजे पावच. भरलेली आणि पाऊण यांच्यात जेमतेम ०.२ चं अंतर, त्यात मीटरची चूक ०.०८. शेवटच्या आकड्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही.

पाचव्या महिन्यात वेगळीच गंमत. उभ्या गाडीत १२.९८ आणि चालू गाडीत १४.९ दिसायला लागलं. रेग्युलेटर (चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा भाग) गेला, आता बॅटरी उकळणार, असं म्हणून मी घाबरलो. मग लक्षात आलं की मीटरमधला ९ व्होल्टचा सेलच उतरलाय. स्वस्त मीटरमध्ये सेल उतरला की रीडिंग वर सरकतं, आणि बॅटरीचं छोटं चिन्ह स्क्रीनवर येईपर्यंत उशीर झालेला असतो. नवा सेल घातला, १४.३. तेव्हापासून रीडिंग विचित्र आलं की आधी संशय मीटरवर.

आता मूळ दुखणं. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी मोजलं. (आदल्या दिवशी चालवून आल्या आल्या मोजलं तर तेरापर्यंतही दिसतं. ते वरवरचं चार्ज असतं, काही तासांत ओसरतं. आणि बोनेटसाठी दार उघडलं की दिवे लागतात, म्हणून दार लावून दिवे विझेपर्यंत थांबायचं.) आलं १२.५८. मग बॅटरी उतरलेली नव्हतीच. घरच्यांना सेल्फ मारायला सांगून प्रोब बॅटरीच्या शिशाच्या पोलवरच (वर आलेल्या खुंट्यांवर) टेकवले: १०.६. तेच त्यावर आवळलेल्या वायरच्या क्लॅम्पवर: ९.८. एक प्रोब निगेटिव्ह पोलवर, दुसरा त्याच्याच क्लॅम्पवर ठेवून परत सेल्फ मारला: ०.७ व्होल्ट. तिथे जवळजवळ शून्य यायला हवं होतं. क्लॅम्प काढला तर आतून काळपट थर. ब्रशने घासून पुन्हा आवळला. ‘टक’ थांबलं ते आजतागायत. बाहेरून तो क्लॅम्प स्वच्छ दिसत होता, हे विशेष.

एक उणीव: सेल्फ मारतानाचा सगळ्यात खालचा आकडा क्षणात निघून जातो, आणि साधा मीटर सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो. पुन्हा घेतला तर मिन-मॅक्स बटणवालाच (सगळ्यात खालचा-वरचा आकडा धरून ठेवणारा) घेईन.

एक गाढवपणाही कबूल करतो. बंद गाडीत करंट कुठे झिरपतोय ते बघायला लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घातली होती. दुसऱ्या दिवशी ती तशीच राहिली आणि प्रोब थेट बॅटरीच्या दोन टोकांना लावले. म्हणजे सरळ शॉर्ट. ठिणगी उडाली, फ्यूज गेला. काही स्वस्त मीटरमध्ये त्या भोकाला फ्यूजही नसतो, घेताना बघा.

निगेटिव्ह टर्मिनलवर सेन्सर असलेल्या नव्या गाड्यांना वरचे चार्जिंगचे आकडे जसेच्या तसे लावू नका. तिथे कॉम्प्युटर अल्टरनेटरचं व्होल्टेज मुद्दाम कमीजास्त करतो. मित्राच्या गाडीत इंजिन चालू असताना १२.८ बघून आम्ही उगाच तासभर घालवला.

परवा सकाळचं रीडिंग १२.४१, सेल्फ मारताना ९.९. क्लॅम्प स्वच्छ आहेत, चार्जिंग १४.२. बॅटरी पाच वर्षांची झाली आहे. ती किती उरलीय हे नुसत्या व्होल्टेजवरून कळत नाही, म्हणून या आठवड्यात लोड टेस्ट (बॅटरीवर जोराचा लोड टाकून ती किती तग धरते ते बघणं) करून घेणार. सॉकेटवाला मीटर डिकीत पडून आहे. मल्टीमीटर समोरच्या कप्प्यात, सोबत ९ व्होल्टचा जादा सेल.