कान वाजण्यावर १५ महिन्यांत केलेले उपाय: कशानं फरक पडला, कशानं नाही

हे लिहितानाही माझ्या दोन्ही कानांत रातकिडे ओरडत आहेत. ते गेलेले नाहीत. पण मागच्या वर्षी याच दिवसांत मी रात्री दोन-अडीच तास झोपायचो, आता पाच-साडेपाच तास झोपतो. मधल्या काळात काय काय केलं आणि कुठं पैसे गेले ते सगळं लिहितो, कारण आमच्या भागात कान वाजणारे पुष्कळ आहेत आणि सगळे एकमेकांना तेलच सांगतात.

वाशिम जिल्ह्यात आमचं गाव. घरची बारा एकर, सोयाबीन आणि तूर. त्याशिवाय १९ वर्षांपासून हडंबा, म्हणजे मळणीयंत्र, भाड्यानं देतो. दसऱ्यापासून सोयाबीन, मग तूर, मग हरभरा आणि गहू. हंगामात दिवसाचे दहा-बारा तास मी स्वतः मशीनजवळ उभा असतो. तोंडाला रुमाल बांधायचो, तोही धुळीसाठी. कानाचा विचार कधी आला नाही. संध्याकाळी कान बधिर व्हायचे आणि सकाळी मोकळे व्हायचे, तेवढंच.

२०२३ च्या दिवाळीनंतर ते मोकळे झाले नाहीत. तेव्हा मी तुरीच्या जागलीला वावरात झोपत होतो, रोही आणि डुकरं फार झाली होती. मचाणावर पडलं की किर्रर्र आवाज. पंधरा दिवस मला तो रातकिड्यांचाच वाटला. मग एका रात्री लक्षात आलं की मार्गशीर्षाच्या एवढ्या थंडीत रातकिडे गप्प असतात. घरी आलो, दारं-खिडक्या लावल्या, बायकोला विचारलं. ती म्हणाली, "कशाचा आवाज? मले तं काही आयकू नाई येऊन राह्यलं." त्या रात्री मी फार घाबरलो होतो.

पहिला उपाय घरचा. लसूण कढवलेलं तीळतेल, झोपताना दोन-दोन थेंब. आठ दिवसांत उजवा कान पूर्ण बंद झाला. आतला जुना मळ तेलानं फुगला होता. तो डॉक्टरकडून काढून घ्यावा लागला. त्यांनी सांगितलं की पडद्याला छिद्र असतं तर हेच तेल आत मधल्या कानापर्यंत गेलं असतं. पडदा शाबूत आहे की नाही हे घरी बसून कळत नाही, म्हणून आता मी कुणालाच कानात तेल टाकू देत नाही.

नंतर वैद्यांकडे गेलो. सुश्रुतसंहितेत कानाचे २८ रोग सांगितले आहेत, त्यात कर्णनाद आहे, म्हणजे ही तक्रार आजची नाही. वैद्यांनी आधी कानात बघितलं, पडदा ठीक असल्याची खात्री केली आणि मगच कर्णपूरण, म्हणजे कानात औषधी तेल भरणं, केलं. सात दिवस बिल्वतेल, सोबत डोकं आणि मानेला मालिश. खरं सांगतो, त्या सात दिवसांत झोप बरी लागली. मान मोकळी झाली, डोकं शांत झालं. आवाज मात्र तसाच राहिला. भ्रामरी प्राणायाम तिथंच शिकलो, तो आजही करतो. गुणगुणत असतो तेवढा वेळ आतला आवाज जाणवत नाही आणि श्वास लांब होतो. झोपण्याआधी दहा मिनिटं. याला पैसा लागत नाही.

गोळ्यांवर माझे सगळ्यात जास्त पैसे गेले. जानेवारी ते एप्रिल, चार महिने, बीटाहिस्टीन आणि जिंको बायलोबा (एका झाडाच्या पानांचा अर्क), वरून बी-ट्वेल्व्ह. एकूण नऊ हजारांच्या वर. काहीही फरक पडला नाही. नंतर कळलं की बीटाहिस्टीन हे मुळात मेनिअर या आतल्या कानाच्या आजारातल्या चक्करेसाठीचं औषध आहे, आणि मला चक्कर कधीच नव्हती. नुसत्या कान वाजण्यावर ते देऊ नये असं उपचार कसे करावेत ते सांगणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेनं २०२० मध्ये स्पष्ट लिहिलं आहे. जिंको, झिंक, मेलाटोनिन यांचंही तसंच: अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या अकादमीनं २०१४ च्या मार्गदर्शनात ती देऊ नयेत असं सांगितलं आहे. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर ते नऊ हजार पुढं कानाच्या मशीनला लागले असते. आणखी एक. माझ्या चुलतभावाला हृदयात स्टेंट आहे, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या सुरू आहेत. त्याचेही कान वाजतात म्हणून तो माझ्या जिंकोच्या पट्टीतल्या गोळ्या घेणार होता. डॉक्टरांनी वेळेवर थांबवलं, कारण दोन्ही मिळून रक्तस्राव होऊ शकतो. दुसऱ्याच्या गोळ्या घेऊ नका.

मग उन्हाळा लागला आणि मी बरा झालो असं मला वाटलं. घरात मोठा कूलर आहे, लाकडी भुशाच्या ताट्यांचा, रात्रभर घरघरतो. एप्रिलपासून मस्त झोप. मी सगळ्यांना सांगत सुटलो की गेला त्रास. जूनमध्ये पाऊस पडला, कूलर बंद झाला, आणि त्याच रात्री रातकिडे परत हजर. त्या रात्री मी अंगणात बसून रडलो. पण उपायाचं खरं सूत्र तिथंच हातात आलं होतं: माझ्या कानाला शांतता सोसत नव्हती.

त्यानंतर अकोल्याला जाऊन ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, केली. हे काम पहिल्या महिन्यात करायला हवं होतं. काचेच्या बंद खोलीत कानाला हेडफोन लावतात, आवाज आला की बटण दाबायचं. अर्ध्या तासाचं काम. आलेखावर २००० हर्ट्झपर्यंत (हर्ट्झ म्हणजे सुराच्या उंचीचं माप) रेष बरी होती, ४००० ला ती धपकन खाली गेली होती, ८००० ला थोडी वर आली होती. ऑडिओलॉजिस्ट बाईंनी आलेख बघूनच विचारलं, "मशीनवर काम करता का?" मोठ्या आवाजानं खराब झालेल्या कानाची ही ओळखीची खूण आहे. आतल्या कानातल्या बारीक केसांसारख्या पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत. तेवढ्या सुरांचा आवाज मेंदूपर्यंत पोचत नाही, म्हणून मेंदू आपल्याकडून आवाज वाढवतो. त्या म्हणाल्या, रेडिओवर स्टेशन लागत नसताना आवाजाचं बटण फिरवलं की खरखर वाढते, तसं.

डॉक्टरांनी काही प्रश्न विचारले, ते तुम्हीही स्वतःला विचारा. आवाज एकाच कानात आहे का? नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडतो का? सोबत चक्कर आहे का? असं असेल तर पुढची तपासणी लागते, कधी एमआरआयसुद्धा. आणि एखाद्या दिवशी अचानक एका कानानं ऐकू येणं बंद झालं तर बाजाराच्या दिवसाची वाट बघू नका, त्याच दिवशी निघा. त्यावर स्टेरॉइड लवकर सुरू करावं लागतं.

जुलैमध्ये दोन्ही कानांना ऐकायचं मशीन घेतलं. जोडी ३२ हजारांना पडली, तुरीच्या पैशातून. आधी दहा दिवस वापरायला मागितलं, तुम्हीही मागा. सरकारी मदतीसाठी विचारलं, पण त्याला ४० टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं आणि माझी ऐकण्यातली घट तेवढी नाही. पहिले तीन आठवडे कठीण गेले. ताटं आपटल्याचा आवाज डोक्यात जायचा, वाळक्या पाल्यावरून स्वतःचंच चालणं मोठं वाटायचं. मग हळूहळू बसलं. दिवसभर मशीन असलं की कानातला आवाज निम्म्याहून कमी जाणवतो, कामात असलो तर तासन् तास आठवतही नाही. नातीचं बोबडं बोलणं मला नीट कळत नव्हतं आणि मी उगाच मान हलवायचो, हे मशीन लावल्यावर समजलं. आता ती काय म्हणते ते ऐकू येतं. एवढ्यासाठीसुद्धा ते ३२ हजार मला जास्त वाटत नाहीत.

त्रासही आहेत. घामानं मशीन बंद पडतं, म्हणून रात्री ते सिलिका जेलच्या डबीत ठेवतो. सेल दहा-बारा दिवस जातो. त्याचा कागद काढला की तो हवेनं सुरू होतो, म्हणून कागद आधीपासून काढून ठेवू नका. आणि हडंब्याजवळ मशीन घालायचंच नाही, ते आवाज आणखी वाढवून देतं.

रात्री मशीन काढलं की आवाज परत येतो. त्यासाठी मोबाइलवरचे आवाज लावून पाहिले. सगळे पावसाचा आवाज सांगतात. मला तो अजिबात चालला नाही. सोयाबीनची गंजी लागलेली असताना पावसाचा आवाज ऐकून कोणत्या शेतकऱ्याला झोप येईल? मी दचकून उठायचो, ताडपत्री आठवायची. मग पंख्याचा साधा घरघराट लावला, तो लागू पडला. दोन गोष्टी शिकलो. आवाज कानातल्यापेक्षा थोडा कमी ठेवायचा, तो पूर्ण झाकायला गेलं की सकाळी जास्त त्रास होतो. आणि इअरफोन नाही, उशीजवळ छोटा स्पीकर. जागलीलाही तोच नेतो.

शेवटचा उपाय बोलण्याचा, आणि त्याबद्दल लिहायला मला थोडा संकोच होतो. "आता सवय करून घ्या" असं मला तीन जणांनी सांगितलं होतं. कशी करायची, हे कुणी सांगितलं नव्हतं. पहाटे तीनला जागा असताना मनात फार वाईट विचार यायला लागले होते. मुलानं टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या मदतीचा, १४४१६ नंबर लावून दिला. तो सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. तिथून पुढं जिल्ह्याच्या ठिकाणी समुपदेशकाकडे गेलो, सप्टेंबर ते डिसेंबर नऊ वेळा. त्यांनी वही करायला लावली: आवाज वाढला तेव्हा मनात काय आलं ते लिहायचं. माझ्या वहीत रोज एकच वाक्य होतं, "हा वाढत जाईल आणि मला वेड लागेल." त्यासमोर दुसऱ्या दिवशी खरं काय झालं ते लिहायचं. तीन आठवडे लिहिल्यावर दिसलं की आवाज वर-खाली होतो, वाढत जात नाही, आणि आदल्या रात्री झोप झालेली नसली की जास्त वाटतो. उठायची वेळ साडेपाच ठरवली, कितीही कमी झोप झाली तरी तीच. झोप येत नसेल तर गादीवर लोळायचं नाही. चार वाजेनंतर चहा नाही. मशीनइतकाच फरक मला यानं पडला.

यंदाच्या तुरीच्या हंगामात मोबाइलवर हडंब्याचा आवाज मोजला. ड्रमजवळ ९७ डेसिबल. मोबाइलचं मोजमाप तंतोतंत नसतं, तरी हिशोब सांगतो: ८५ डेसिबलला ८ तास चालतात, आणि पुढं दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. म्हणजे ९७ ला अर्धा तास. मी १९ वर्षं दहा-दहा तास उभा होतो.

आवाज अडवायला कानांवर लावायचे चार इअरमफ आणले. माझ्या हडंब्यावर चार पोरं आहेत, सगळी पंचविशीच्या आतली. दोघांनी लगेच घातले. एक जण म्हणाला, "काका, मफ लावले अन् कोणाचा हात अडकला तं आवाज कसा आयकू यीन?" त्याचं म्हणणं बरोबर होतं. म्हणून ट्रॅक्टरवर एक जण कायम ड्रमकडं तोंड करून बसवला आणि खुणा ठरवल्या: एक हात वर म्हणजे लोटणं थांबवा, दोन्ही हात वर म्हणजे ट्रॅक्टर बंद. पहिल्या दिवशी दोनदा चुकलं. तिसऱ्या दिवसापासून चौघांच्याही कानांवर मफ होते.