मराठी लेखकाच्या हाती गूगल डॉक्स
कोल्हापुरात राहून संकेतस्थळांसाठी नियमित लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला गूगल डॉक्स हे इंटरनेटवर लिहिण्याचे साधन सर्वांत उपयोगी वाटते आणि त्याचे पहिले कारण युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक संकेतांक देणारी सर्वमान्य पद्धत, हे आहे. छपाईच्या कामात रुळलेले अनेक जुने फाँट रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवतात, त्यामुळे तो मजकूर संकेतस्थळावर चिकटवला की ‘पंचगंगा’ऐवजी निरर्थक रोमन अक्षरे उमटतात. डॉक्समध्ये युनिकोडात लिहिलेला मजकूर मात्र फोनवरही नीट वाचता येतो.

क्रोम ब्राउझरमध्ये डॉक्सच्या ‘टूल्स’ मेनूमधून व्हॉइस टायपिंग सुरू करून मराठी निवडली की बोललेले शब्द देवनागरीत उतरतात. शाहू महाराजांच्या २६ जुलै १९०२ च्या आरक्षणाच्या आदेशावरील लेखाचा कच्चा मसुदा मी असाच सांगून तयार केला. विरामचिन्हे हाताने द्यावीत आणि ऱ्हस्व-दीर्घ स्वतः तपासावे. शुद्धलेखन यंत्रावर सोपवणे मला मुळीच मान्य नाही.

‘व्हर्जन हिस्टरी’ मला त्याहून मोलाची वाटते, कारण संपादनात गाळलेला परिच्छेद आधीच्या, तारीख-वेळ नोंदलेल्या आवृत्तीतून परत घेता येतो. संपादकाने ‘सजेस्टिंग’ पद्धतीत काम केले, तर प्रत्येक बदल रंगीत दिसतो आणि तो स्वीकारायचा की नाकारायचा, हे लेखकाला ठरवता येते.