अस्थिर संगणकाचे निदान आणि प्राइम९५ : एक परीक्षण

माझ्या घरी जुळवलेल्या संगणकात रायझन ५ ५६००एक्स हा सहा कोअरचा (म्हणजे स्वतंत्रपणे आकडेमोड करणाऱ्या सहा भागांचा) प्रोसेसर आणि आठ-आठ जीबीच्या दोन डीडीआर४ रॅम आहेत. रॅमवर ३२०० हा वेग छापलेला होता. तो मी बायोसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ सेटिंगच्या पडद्यावर, ३६०० केला आणि त्याच दिवशी कर्व्ह ऑप्टिमायझर या प्रत्येक कोअरचे व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या सोयीत सर्व कोअरना सरसकट उणे २५ देऊन प्रोसेसरचे व्होल्टेजही उतरवले. पंधरा दिवस सारे सुरळीत चालले. मग व्हिडिओ एक्स्पोर्ट करताना निळा स्क्रीन येऊ लागला आणि त्याहून कोड्यात टाकणारी गोष्ट म्हणजे रात्री कोणतेही काम चालू नसताना संगणक आपोआप रीस्टार्ट होऊ लागला. दोन बदल एकदम केल्यामुळे दोष कोणाचा हे सांगता येईना. या शोधात ज्या साधनाची सर्वाधिक मदत झाली, त्या प्राइम९५ या मोफत सॉफ्टवेअरबद्दल हे परीक्षण आहे.

हे सॉफ्टवेअर मुळात संगणक तपासण्यासाठी लिहिलेले नाही. जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ साली सुरू केलेल्या गिम्प्स या प्रकल्पासाठी, म्हणजे दोनाच्या घातातून एक वजा करून मिळणाऱ्या प्रचंड मूळ संख्या शोधण्यासाठी, ते तयार झाले. त्याची खरी किंमत याच उगमात आहे. लाखो अंकी संख्यांचे गुणाकार येथे फूरिअर रूपांतराच्या पद्धतीने, अपूर्णांकांच्या गणिताने केले जातात. उत्तर पूर्णांकच असणार हे आधीपासून ठाऊक असल्यामुळे हाती आलेली संख्या जवळच्या पूर्णांकापासून किती ढळली आहे हे मोजता येते. ते अंतर ०.४ च्या पुढे गेले की हार्डवेअरने चूक केली असे समजून ते काम तिथेच थांबते आणि तशी नोंद होते. शिवाय शेवटचे उत्तर आधीच ठाऊक असलेल्या उत्तराशी ताडून पाहिले जाते.

मला हा गुण फार मोलाचा वाटतो, कारण अस्थिर संगणक दर वेळी बंद पडतोच असे नाही. पुष्कळदा तो चुकीचे उत्तर देऊन पुढे चालत राहतो आणि ते चुकीचे उत्तर एखाद्या फोटोत किंवा हिशेबाच्या फाइलमध्ये जाऊन बसते. केवळ ताण देणाऱ्या चाचणीला ते कळत नाही, प्राइम९५ला कळते. या तपासणीची धार इतकी आहे की जानेवारी २०१६ मध्ये इंटेलला आपल्या स्कायलेक प्रोसेसरमधील एक दोष मान्य करावा लागला, तो याच सॉफ्टवेअरच्या वापरातून उघड झाला होता, आणि त्यावरील उपाय बायोसच्या सुधारणेतून द्यावा लागला.

निदानाची सुरुवात मी सर्व सेटिंग मूळ स्थितीत आणून केली. त्या स्थितीत संगणक दोन दिवस निर्दोष चालला, म्हणजे दोष माझ्या सेटिंगमध्येच होता. मग फक्त रॅमचा वेग ३६०० केला आणि पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट८६+ हे रॅम तपासणारे सॉफ्टवेअर रात्रभर चालवले. पहिल्या दोन फेऱ्यांत काही सापडले नाही, तिसऱ्या फेरीत दोन चुका दिसल्या. एका फेरीवर समाधान मानणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावे. खात्रीसाठी प्राइम९५ चे दोन प्रकार वापरले. स्मॉल एफएफटीमध्ये (एफएफटी म्हणजे वर सांगितलेले फूरिअर रूपांतर) सारी आकडेमोड प्रोसेसरच्या कॅशमध्ये, म्हणजे त्याच्या आतल्या छोट्या वेगवान मेमरीतच, मावते, त्यामुळे रॅमला जवळपास हात लागत नाही. लार्ज एफएफटीमध्ये मात्र रॅम आणि तिला हाताळणारा मेमरी कंट्रोलर यांच्यावर भार येतो. स्मॉल दोन तास निर्धोक चालले, लार्ज चाळीस मिनिटांत थांबले. रॅम पुन्हा ३२०० वर आणताच लार्जही रात्रभर चालले. निळ्या स्क्रीनचा प्रश्न तेथे सुटला.

त्यानंतर उणे २५ पुन्हा लावले, तेव्हा रिकाम्या वेळचे रीस्टार्ट परत आले. विंडोजमधील घडामोडींची नोंदवही असलेल्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये दर वेळी हार्डवेअरच्या चुका टिपणाऱ्या व्हीया-लॉगरची १८ क्रमांकाची नोंद, कॅश हायरार्की एरर, सापडत होती, आणि प्राइम९५ मात्र तासन्‌तास बिनचूक चालत होते. या साधनाची मर्यादा इथे आहे. सर्व कोअरवर पूर्ण भार पडला की ७६ वॅटच्या मर्यादेमुळे प्रोसेसर आपला वेग उतरवतो, त्यामुळे ४.६ गिगाहर्ट्‌झचा सर्वोच्च वेग त्या चाचणीत कधी येतच नाही. संगणक रिकामा असताना एखादा कोअर क्षणभर त्या वेगाला जातो आणि कमी केलेले व्होल्टेज तिथेच अपुरे पडते. यावर कोअरसायकलर ही मोफत स्क्रिप्ट उपयोगी पडली. ती प्राइम९५लाच एका वेळी एका कोअरवर, एसएसई या प्रोसेसरच्या हलक्या गणिती सूचनांसह चालवते, त्यामुळे वेग वर टिकतो. सर्वोत्तम म्हणून नोंदलेले दोन कोअर काही मिनिटांतच चुकले. त्यांना मुळातच कमी व्होल्टेज मिळत असल्याने आणखी उतरवायला वाव थोडा असतो. त्या दोघांना उणे ८ आणि उणे १२, उरलेल्या चौघांना उणे २० दिल्यावर रीस्टार्ट थांबले.

काही तक्रारी आहेत. पहिल्याच खिडकीत गिम्प्समध्ये सामील होण्याविषयी विचारले जाते; तेथे केवळ ताण-चाचणीचा पर्याय निवडावा लागतो हे नवख्याला उमगत नाही. तापमान दिसत नाही, त्यासाठी एचडब्ल्यूइन्फो हे तापमान दाखवणारे सॉफ्टवेअर शेजारी उघडे ठेवावे लागते, आणि स्मॉल एफएफटीची उष्णता रोजच्या कोणत्याही कामापेक्षा जास्त असल्याने ते ठेवणे आवश्यकच आहे. खिडकी बंद केल्याने सॉफ्टवेअर बंद होत नाही, मेन्यूतील एक्झिट वापरावे लागते.

चाचणीपूर्वी महत्त्वाच्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी आणि खोलीचे तापमान लिहून ठेवावे. आमच्या नागपुरात जानेवारीत उत्तीर्ण झालेले सेटिंग मे महिन्यात टिकेल याची खात्री नसते, म्हणून मी आता लार्ज एफएफटी आणि कोअरसायकलर या दोन्ही चाचण्या उन्हाळ्याच्या तोंडाशी पुन्हा घेतो.