आम्ल म्हणून चुनखडी विकली: डुकराची पिल्लं पाळणाऱ्यांनी वाचावं

दौंड तालुक्यात माझं छोटं वराहपालन आहे, लार्ज व्हाइट यॉर्कशायरच्या सहा माद्या. गेल्या पावसाळ्यात मी फसलो आणि 31 पिल्लांपैकी 9 गेली.

माणूस मोटारसायकलवर आला. "दादा, दूध कधी तोडता?" म्हटलं, 42 दिवसांनी. "28व्या दिवशी तोडा. मादी लवकर माजावर येईल. हगवणीचं आमची पावडर बघून घेईल." पावडर म्हणजे ऍसिडिफायर, पोटातलं आम्ल वाढवणारी. दहा किलोची बॅग 2,800 रुपये. चार घेतल्या. बिल मागितलं तर म्हणाला, पुढच्या खेपेला देतो. तिथंच त्याला परत पाठवायला हवं होतं.

त्यानं सांगितलेलं शास्त्र खरं होतं, म्हणूनच विश्वास बसला. आईच्या दुधातल्या साखरेपासून पिल्लाच्या पोटात लॅक्टिक आम्ल तयार होतं आणि जठर आंबट राहतं. दूध तुटलं की ते थांबतं, आणि पिल्लाचं स्वतःचं आम्ल अजून पुरेसं नसतं. मग सोयाबीन पेंडीतली प्रथिनं नीट पचत नाहीत, तशीच आतड्यात उतरतात आणि ई. कोलाय जिवाणू फोफावतात. फॉर्मिक, फ्युमरिक, सायट्रिक ही आम्लं खाद्यात घालतात ती याच दिवसांसाठी.

दूध तोडल्यावर पाचव्या दिवशी पाण्यासारखी पिवळी हगवण सुरू झाली. फोनवर उत्तर आलं, "डोस तिप्पट करा." केला. दोन दिवसांत चार पिल्लं गेली. मग तो कोलिस्टिन या अँटिबायोटिकच्या पुड्या घेऊन आला. खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांना द्यायला हे औषध विकण्यावर देशात 2019 पासून बंदी आहे, हे मला ठाऊक होतं. पुड्या परत केल्या आणि मेलेलं पिल्लू औंधच्या रोग अन्वेषण विभागात नेलं. तिथून ई. कोलायचंच निदान आलं.

आमच्या डॉक्टरांनी चिमूटभर पावडरीवर लिंबू पिळलं. फसफसून फेस आला. चुनखडी! आम्ल वाढवणं दूरच, पिल्लांच्या पोटात होतं तेवढंही ती मारत होती, आणि मी माझ्या हातानं तिप्पट घालत होतो. नेहमीपेक्षा चौदा दिवस आधी आईपासून तोडलेली पिल्लं होती ती. अजूनही झोप लागत नाही.

नुसत्या चवीवर जाऊ नका. आवरण दिलेलं आम्ल आंबट लागत नाही. बॅगेवर आम्लाचं नाव, टक्केवारी, बॅच नंबर आणि उत्पादकाचा पत्ता बघा. माझ्या बॅगेवर डुकराचं चित्र आणि एक मोबाइल नंबर होता, तोही आता बंद आहे.

परवा यवतजवळ एका ओळखीच्यांच्या गोठ्यात तशीच निळी बॅग दिसली. शिवण अजून उसवलेली नव्हती, पिल्लं आईला लुचत होती. मी वहिनींकडे लिंबू मागितलं.