आरशातही सरळ वाचता येणारी नावं: शहापुरातल्या रेडियमवाल्याचं काम

गाडीवर नावं टाकून देणारी रेडियमची दुकानं बेळगावात गल्लोगल्ली आहेत. शहापुरातल्या या छोट्या दुकानाची शिफारस करायची ती एकाच कारणासाठी: इथला कारागीर इंग्रजी अक्षरं आरशात कशी दिसतील ते आधी बघतो, मगच कटिंगला लावतो.

सगळ्यात सुंदर उतरतं ते टेम्पोच्या पुढच्या काचेवरचं 'अव्वा' (कन्नडमधली आई), ए-व्ही-व्ही-ए. दोन्ही अक्षरांची डावी-उजवी बाजू सारखी, शिवाय शब्द उलट वाचला तरी तोच. त्यामुळे पुढच्या गाडीवाल्याला आरशातही 'अव्वा'च दिसतं. 'अम्मा'चंही तसंच. आपली 'आई' मात्र इथं अडते. ए-ए-आय ही तिन्ही अक्षरं समतोल, पण क्रम फिरतो आणि आरशात आय-ए-ए होतं. त्यावर उपाय म्हणजे अक्षरं एकाखाली एक लावायची, मग क्रमाचा प्रश्नच उरत नाही. रिक्षाच्या काचेवर ए-यू-टी-ओ असं उभं 'ऑटो' लावलं की आतून-बाहेरून सारखंच वाचता येतं.

ही सोय कॅपिटलमधल्या अकराच अक्षरांना आहे: ए, एच, आय, एम, ओ, टी, यू, व्ही, डब्ल्यू, एक्स, वाय. 'मल्याळम' इंग्रजीत दोन्हीकडून सारखंच वाचता येतं, पण त्यातला एल आरशात पाठ फिरवतो. 'ॲम्ब्युलन्स'च्या नऊ अक्षरांत समतोल चारच, दोन ए, एम आणि यू. म्हणून तो शब्द अख्खाच उलटा कापावा लागतो.

खरी गोम फॉन्टमध्ये आहे आणि कारागिराचा हात इथंच कळतो. टाइम्ससारख्या फॉन्टमध्ये ए ची डावी रेघ बारीक आणि उजवी जाड, व्ही मध्ये बरोबर त्याच्या उलट. त्यात 'अव्वा' कापलं तर आरशात जाड-बारीक बाजू बदलतात आणि नाव तिरकं वाटतं. सगळ्या रेघा सारख्या जाडीच्या असलेलाच फॉन्ट घ्यावा. ए आणि व्ही मधली फट दोन्ही टोकांना सारखी आहे का, तेही बघावं. पारख सोपी आहे: नमुना पातळ कागदावर काढून घ्यायचा, दोन व्हींच्या मधोमध घडी घालायची आणि उजेडात धरायचा. रेघेवर रेघ बसली तर काम पक्कं.

दुकानाच्या काचेला आतून लावायचं रेडियम उलटं कापून चिकट बाजू काचेकडे ठेवावी लागते. ऑर्डर देताना 'आतून की बाहेरून' हे चिठ्ठीवर लिहूनच द्या. गिऱ्हाईक उलटं डिझाइन घेऊन आलं आणि मशिनवर पुन्हा मिरर झालं, तर नाव फिरून सरळ कापलं जातं आणि माल वाया जातो. पावसाळ्यात काच नीट कोरडी पुसली नाही तर कडा सुटतात. इथं पुसण्याची घाई करत नाहीत, हे चांगलं.

किचेन मात्र इथली घेऊ नयेत. पारदर्शक अ‍ॅक्रिलिकवर 'नून', एन-ओ-ओ-एन, कापून देतात. हा शब्द अर्धा फेरा फिरवला, म्हणजे डोकं खाली केलं, की तोच राहतो. पण लटकतं किचेन तसं फिरत नाही, ते पाठ दाखवतं आणि पाठीमागून दोन्ही एन उलटे दिसतात. हाच शब्द टेबलावर आडव्या ठेवायच्या पाटीवर घेतला तर समोरासमोर बसलेल्या दोघांनाही सरळ वाचता येतो. किचेनला 'अव्वा'च बरं.