बाबांच्या ब्राउनिंगला मानवलेली काडतुसं

आधीच सांगतो, मी नेमबाज नाही. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात काजूबियांची खरेदी करतो. मार्च ते मे या तीन महिन्यांत मोठ्या भाटकारापासून (जमीनदारापासून) डोक्यावर एकच पोतं घेऊन येणाऱ्या बाईपर्यंत सगळ्यांना पैसे रोख लागतात, आणि लगेच लागतात. त्यामुळे केरीच्या बाजूनं ये-जा करताना गाडीत रक्कम असते. वाटेत झाडं भरपूर, मोबाइलची रेंज कमी. एवढ्यासाठी बाबांचं पिस्तूल ते गेल्यावर मी रीतसर माझ्या परवान्यावर चढवून घेतलं.

पिस्तूल बेल्जियमच्या एफएन कंपनीचं, ब्राउनिंग १९१०, बत्तीस बोअर, म्हणजे नळीचं माप ०.३२ इंच. मॅगझिनमध्ये सात गोळ्या बसतात. नऊ मिलिमीटर आपल्याकडे प्रतिबंधित बोअर, साध्या परवान्यावर मिळत नाही, म्हणून पिस्तूलवाल्यांच्या नशिबी बहुतेक करून बत्तीसच. ताकद बेताची. पण मुळात गोळी सुटली तर ताकदीचा प्रश्न, आणि बाबांच्या चामडी पट्ट्यातल्या जुन्या सात गोळ्यांपैकी तीन सुटल्याच नाहीत. दोष कारखान्याचा नव्हता, आमच्या घराचा होता. ते पुढे येईलच.

नवीन काडतुसं घ्यायला ऑक्टोबर २०२४ मध्ये गेलो. त्याआधीचा काजूचा अख्खा हंगाम पिस्तूल पोलीस ठाण्यात होतं. लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली म्हणून ते जमा करावं लागलं, गोव्यात मतदान ७ मेला, आणि आचारसंहिता उठली जूनमध्ये. म्हणजे ज्या तीन महिन्यांसाठी हा सगळा खटाटोप, नेमके तेच तीन महिने ते सरकारी कपाटात. असो.

दुकानाचं नाव देत नाही. काउंटरवरच्या पोराला म्हटलं, "बत्तीसची दाखव." त्यानं समोर ठेवली ती रिव्हॉल्व्हरची. इथे नवा माणूस हमखास फसतो, कारण दोन्हींना सगळे बत्तीसच म्हणतात. रिव्हॉल्व्हरचं काडतूस लांब असतं आणि बुडाशी त्याची कड टोपीसारखी बाहेर आलेली असते. पिस्तुलाचं आखूड, एकूण लांबी अडीच सेंटीमीटरच्या आसपास. कड त्यालाही आहे, पण इतकी बारीक की डोळ्यांना पटकन दिसत नाही. अंगठ्याचं नख पितळेवरून खाली ओढलं की शेवटी किंचित अडकतं. ही अडकणारी कड लक्षात ठेवा, तिनंच पुढे माझे पैसे बुडवले.

तेवढ्यात मालक आतून आले. "पात्राव, ही साधी गोळी कशाला घेता? ही बघा, बाहेरची. पोकळ टोकाची. लागली की फुलते." जुन्या साठ्यातल्या दहा होत्या. भाव ऐकून कपाळाला आठ्या पडल्या, पण घेतल्या. माझ्या परवान्यावर एका वेळी २५ आणि वर्षाला ५० काडतुसांची मर्यादा आहे. दहा त्या आणि पंधरा साध्या केएफच्या, अशी नोंद करून बिल घेतलं.

केएफ म्हणजे किर्की फॅक्टरी, पुण्यातल्या खडकीचा दारूगोळा कारखाना. १८६९ पासूनचा. २०२१ च्या ऑक्टोबरात आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या केल्या, तेव्हा तो म्युनिशन्स इंडियाकडे गेला. परवानाधारकांच्या तोंडी मात्र अजून केएफच. शिशावर पूर्ण धातूचं कवच, टोक गोल. दिसायला अगदी गरीब.

डिसेंबरात घाट चढून पलीकडच्या एका रेंजवर गेलो. (परवान्यावर शेजारची राज्यं आहेत का, हे निघायच्या आधी वाचा. घाटातल्या नाक्यावर वाचू नका.) आधी सात पोकळ टोकाच्या भरल्या. दोन सुटल्या, तिसरीला पिस्तूल गप्प. स्लाइड (वरचा मागेपुढे सरकणारा भाग) अर्ध्यात अडकलेली, ओढली तरी हलेना. रेंजवरचे उस्ताद निवृत्त फौजी. त्यांनी मॅगझिन काढून माझ्या डोळ्यांसमोर धरलं. "बघा, वरची गोळी खालचीच्या मागे गेलीय."

ते मी दहा मिनिटं बघत बसलो. मॅगझिनमध्ये वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेच्या पुढे असावी लागते, म्हणजे स्लाइडनं ढकललं की ते सरळ पुढे घरंगळतं. पोकळ टोकाची गोळी अंमळ आखूड. त्यामुळे मॅगझिनमध्ये तिच्यापुढे थोडी जागा उरते, आणि गाडीच्या धक्क्यानं किंवा बार उडाल्याच्या दणक्यानं काडतुसं मागेपुढे सरकतात. वरच्याची कड एकदा खालच्याच्या मागे गेली की ते पुढे जाताना खालच्यालाही ओढू पाहतं, आणि दोघंही अडतात. याला रिमलॉक म्हणतात. हे स्लाइड ओढून सुटत नाही. मॅगझिन काढायचं, काडीनं उचकायचं. रेंजवर ठीक आहे. केरीच्या वळणावर समोरचा थांबणार आहे का?

मग केएफच्या सात. सहा नीट गेल्या, सातवी नाक वर करून तोंडाशी अडली. मी लगेच गोळीला शिव्या घालणार होतो. उस्तादांनी मॅगझिनची स्प्रिंग बोटानं दाबून दाखवली, उशीतल्या कापसासारखी मऊ. बाबांनी पिस्तूल घेतल्यापासून ती बदललेलीच नव्हती. परवानाधारक कारागिराकडून नवी बसवली, आणि जानेवारीत पुन्हा गेलो. उरलेल्यांपैकी तीन पोकळ टोकाच्या खाली भरल्या, वर चार केएफ. केएफ चारही गेल्या. पोकळवाली पहिली सुटली आणि दुसरीला पुन्हा तेच. तेव्हा खात्री झाली की हे स्प्रिंगचं नव्हे, लांबीचं दुखणं आहे. १९१० चं पिस्तूल गोल टोकाच्या गोळीसाठीच बनलेलं, त्याला दुसरं मानवत नाही. दुकानदाराला सांगितलं तर म्हणाला, "विकलेली गोळी परत घेता येत नाही." बरोबर आहे, पण विकताना जीभ एवढी सैल सोडायचं कारण नव्हतं.

फुलणाऱ्या गोळीची एवढी कौतुकं का होतात तेही थोडं शोधलं. अमेरिकेत १९८६ मध्ये मायामीत झालेल्या गोळीबारानंतर एफबीआयनं निकष ठरवला की गोळी जिलेटिनच्या ठोकळ्यात निदान १२ इंच आत गेली पाहिजे. मोठ्या बोअरची गोळी फुलूनही तेवढी जाते. बत्तीसच्या अंगात मुळात जोरच कमी, त्यामुळे ती एक तर फुलत नाही, किंवा फुलली की लवकर थांबते. तेव्हा या बोअरला गोल टोकाचीच बरी. तोटा एवढाच की ती आरपार जाऊ शकते, म्हणून मागे कोण उभं आहे हे बघणं आलं. आमच्या घराच्या भिंती चिऱ्याच्या आहेत, पण खिडक्या आणि प्लायवूडच्या खोल्या तशा नाहीत.

अमेरिकेतले लोक सांगतात, दोनशे गोळ्या झाडून बघा आणि मग विश्वास टाका. आमचा वर्षाचा कोटा ५०! त्यामुळे माझा हिशेब वेगळा आहे. एकाच लॉटच्या, म्हणजे कारखान्यात एकाच खेपेत बनलेल्या, घ्यायच्या. पिस्तूल रिकामं करून नळी काढायची आणि प्रत्येक काडतूस सुट्या नळीत हातानं सोडायचं. आपल्या वजनानं टुपकन बसलं आणि नळी उलटी केल्यावर निसटलं तर ते ठेवायचं. मग निम्मी रेंजवर झाडायची, उरलेली जवळ बाळगायची. केएफच्या मी नव्या स्प्रिंगवर आतापर्यंत एकूण २१ झाडल्या, सगळ्या सुटल्या, सगळी रिकामी पितळं बाहेर पडली. एकवीस म्हणजे फार नाहीत. पण माझ्या पिस्तुलातून, माझ्या हातातून गेलेल्या आहेत.

आता बाबांच्या त्या तीन गोळ्या. चामड्याच्या पट्ट्यात अडकवून कपाटात. गोव्याचा पावसाळा, त्यात कमावलेल्या चामड्यातली द्रव्यं, पितळ कळकून हिरवं झालं होतं. वर आईनं गंज धरू नये म्हणून दर वर्षी शिलाई मशीनचं तेल पुसलेलं. तेल बुडात बसवलेल्या, ठिणगी पाडणाऱ्या टोपीच्या फटीतून आत झिरपतं आणि तिथला मसाला मारून टाकतं. आईची माया, पण गोळी मेली. आता काडतुसं कोरडी पुसून, सिलिका जेलच्या पुड्यांसह, रबरी कडेच्या स्टीलच्या डब्यात आणि डबा कुलपात, पिस्तुलापासून वेगळा. अशी न सुटलेली गोळी निघाली तर नळी सुरक्षित दिशेला धरून निदान अर्धा मिनिट थांबा. कधी कधी ती उशिरा सुटते.

एक खोड मलाही होती. रोज सकाळी भरायचं, रात्री काढायचं, आणि तीच गोळी परत वर ठेवायची. प्रत्येक वेळी टोक आपटून गोळी कणाकणानं आत जाते. आमच्या सोनाराच्या व्हर्नियरनं मोजलं तेव्हा डब्यातली २४.८ मिलिमीटर निघाली आणि रोजची २४.१. आत गेलेल्या गोळीमागे दाब वाढतो, शंभरीच्या पिस्तुलाला तो नको. सोनार म्हणाला, "भाऊ, हे माप मी सोन्याचं घेतो, पुढच्या वेळी फूल आणा." ती गोळी बाजूला काढली. आता चेंबर, म्हणजे नळीतली गोळीची जागा, रिकामं ठेवतो आणि वरची गोळी आळीपाळीनं बदलतो.

तर माझ्यापुरता निकाल असा: या पिस्तुलाला केएफ, गोल टोक, एकच लॉट, दोन पावसाळ्यांच्या वर जुनी नाही. भाव मात्र दोन दुकानांत दोन सांगितले, तेव्हा आधी फोन करून विचारा. पोकळ टोकाच्या उरलेल्या अजून डब्यात आहेत. पुढच्या खेपेला रेंजवर एक-एक करून झाडून टाकणार, दुकानदाराच्या नावानं.