पंढरीनाथजवळचे फॉल-पिकोवाले काका, इंदूर

आईची महेश्वरी होती, फिकट जांभळी, रुईफुलाच्या काठाची. एका दुकानात फॉल लावायला दिली तर त्यांनी जाड दोऱ्याने मशीनवर सरळ मारून दिला, घरी घडी उघडते तो सगळा काठ चुण्या पडून गोळा झालेला, मला रडूच आलं. मग शेजारच्या काकूंनी या काकांकडे पाठवलं. राजवाड्याकडून पंढरीनाथला जाताना गल्लीत एका ओट्यावर मशीन आहे, बोर्ड-बिर्ड काही नाही, कुणालाही विचारा.

काकांनी ब्लेड हातात घेतलंच नाही, सुईच्या टोकाने एकेक टाका उचलत उसवत बसले, पाऊण तास तरी. मी तोवर त्या आधीच्या दुकानदाराला नको नको ते बोलत होते. ते म्हणाले, "नका बोलू ताई, त्या दिवशी त्याच्या घरी काय चाललं असेल कुणास ठाऊक." मी म्हटलं काका तुम्हाला राग येतच नाही का, तर मान वर न करता सांगायला लागले. तरुणपणी एका शेठकडे कामाला होते, दुकानातून रेशमाचं थान गेलं, आळ यांच्यावर. जामीन मंजूर झाला पण जामीनदार कोण राहणार, सव्वादोन वर्षं आत, मग निर्दोष सुटले. "पहिले सहा महिने रोज रात्री शेठला शिव्या द्यायचो, झोप नाही यायची. बरॅकमध्ये एक म्हातारे बुवा पहाटे विठ्ठलाचं नाव घ्यायचे, आधी नुसता ऐकायचो, मग टाळी धरायला लागलो. एक दिवस लक्षात आलं, काल शेठची आठवणच नाही आली."

सुटल्यावर ते शेठकडे गेले, कारण त्यांची कात्री तिथेच राहिली होती. कात्री मागितली, पाया पडले. शेठ काहीच बोलले नाहीत, चहा मागवला. "मी प्यालो," म्हणाले. तीच कात्री अजून मशीनवर असते, मुठीला चिंधी गुंडाळलेली.

मला मात्र एक वाटतं, काकांनी माफ केलं ही त्यांची श्रद्धा, म्हणून बाकीच्यांचा हिशेब मिटला असं नाही. आपल्या तुरुंगांत चारातले तीन जण कच्चे कैदी आहेत, म्हणजे गुन्हा सिद्धच झालेला नाही. बिहारचे रुदुल साह १९६८ मध्ये निर्दोष ठरूनही पुढे १४ वर्षं आत राहिले आणि १९८३ मध्ये सुप्रीम कोर्टाने भरपाई दिली ती सगळी मिळून ३५ हजार. काकांना तर एक रुपयाही नाही. हे विचारलं तर ते दोरा ओवत हसले फक्त.

काम एकदम सही. सुती फॉल आधी पाण्यातून काढून वाळवतात, मग हाताने तुरपाई, उलट्या बाजूनेसुद्धा टाका शोधावा लागतो. वेळ लागतो, माझी साडी पाच दिवसांनी मिळाली, त्यामुळे लग्न उद्यावर असेल तर नका जाऊ. उसवायचे वेगळे पैसे घेतले नाहीत, मी बळेच ठेवून आले. एकादशीला दुपारनंतर बंद असतं.